चार विद्यापीठे आणि एक शुल्कपत्रक

८ ऑक्टोबर १९२२ रोजी ‘जानस’ नावाच्या मालवाहू जहाजातून जयप्रकाश नारायण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर उतरले. विसावा वाढदिवस तीन दिवसांवर आला होता. पुढील सात वर्षांत बर्कले, आयोवा, विस्कॉन्सिन आणि ओहायो स्टेट अशा चार विद्यापीठांत ते शिकले. चारही त्या त्या राज्याची सरकारी विद्यापीठे, आणि चारही मोठी. चरित्रकार हा प्रवास बहुधा एखाद्या परिच्छेदात आटोपतात. मात्र या विद्यार्थ्याने विद्यापीठे निवडली की विद्यापीठांच्या शुल्काने त्याची वाट ठरवली, हे पाहण्यासाठी तिथे जरा थांबावे लागते.

आधी अमेरिकाच का? असहकाराच्या हाकेला प्रतिसाद देऊन जयप्रकाशांनी परीक्षा तोंडावर असताना पाटणा कॉलेज सोडले होते. सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत पुन्हा पाऊल ठेवायचे नाही, हा निश्चय होता. त्यामुळे देशातील बहुतेक दारे बंद झाली. इंग्लंडला जाणे तर त्या निश्चयाशी विसंगतच. शिवाय १९०९ मध्ये मदनलाल धिंग्रा यांनी कर्झन वायलीवर गोळ्या झाडल्यानंतर तेथील हिंदी विद्यार्थी सरकारच्या नजरेखाली वावरत होते. अमेरिकेबद्दल मात्र असा लौकिक होता की तिथे अंगमेहनत करून शिकता येते आणि भांडी घासणाऱ्या विद्यार्थ्याला कोणी हलके लेखत नाही.

आणि सरकारी विद्यापीठच का? याचे मूळ १८६२ च्या मॉरिल कायद्यात सापडते. यादवी युद्ध पेटलेले असताना अमेरिकेच्या संसदेने ठरवले, की प्रत्येक राज्याला त्याच्या संसद सदस्यामागे ३०,००० एकर जमीन द्यावी आणि तिच्या विक्रीतून शेती व यंत्रविद्या शिकवणारी महाविद्यालये उभी राहावीत. (यासाठी ‘भूदान’ हा शब्द मुद्दाम टाळतो आहे. जयप्रकाशांच्या आयुष्यात तो पुढे फार निराळ्या अर्थाने येतो. आणि ही जमीन मुळात तेथील आदिवासी जमातींकडून घेतलेली होती.) बर्कले, विस्कॉन्सिन आणि ओहायो स्टेट या तिघांनाही या कायद्याचा लाभ झाला. आयोवाचे विद्यापीठ त्याआधीचे, १८४७ चे.

ही विद्यापीठे राज्याच्या करदात्यांनी पोसलेली, म्हणून शुल्काची सवलत त्या करदात्यांच्या मुलांना. राज्याबाहेरचा विद्यार्थी, मग तो शेजारच्या राज्यातला असो वा बिहारमधला, परकाच. त्याने जास्त भरायचे. परदेशी विद्यार्थ्याला स्वस्त शिक्षण मिळे ते कोणाच्या उदार धोरणामुळे नव्हे. स्थानिकांसाठी घातलेल्या मांडवाची थोडी सावली त्याच्याही अंगावर पडे इतकेच. मांडवाचा मालक ती कधीही आखडती घेऊ शकत होता.

बर्कलेत नेमके तेच झाले. जयप्रकाश पोहोचले तेव्हा प्रवेशाला अवकाश होता. मधल्या काळात त्यांनी द्राक्षे खुडली, मनुक्यांसाठी वाळत घातली, फळे डब्यांत भरणाऱ्या कारखान्यात काम केले. जानेवारी १९२३ मध्ये रसायनशास्त्राचा अभ्यास सुरू झाला आणि एका सत्रानंतर शुल्क दुप्पट झाले. द्राक्षमळ्यातली मजुरी त्याला पुरणारी नव्हती. ते आयोवाला गेले.

अर्ध्यावरून असे जाता कसे आले? मुंबई किंवा पाटणा विद्यापीठाच्या विद्यार्थ्याला हे अशक्य वाटले असते, कारण आपल्याकडे सारा भार अखेरच्या परीक्षेवर. अमेरिकी विद्यापीठात प्रत्येक विषयाचे श्रेयांक सत्रागणिक जमा होत आणि ते दुसऱ्या विद्यापीठात बहुधा मान्य होत. गरीब विद्यार्थ्याला ही मोठीच सोय होती. पैसा संपला तर गाव बदलावे, केलेला अभ्यास बुडत नसे.

त्याच काळात, फेब्रुवारी १९२३ मध्ये, भगतसिंग थिंड खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की हिंदी माणूस कायद्याच्या अर्थाने ‘गोरा’ नाही, म्हणून त्याला नागरिकत्व नाही. विद्यार्थी म्हणून राहण्याची मुभा कायम होती. शिकावे आणि परत जावे, असाच त्याचा अर्थ.

आयोवातून जयप्रकाश विस्कॉन्सिनच्या मॅडिसन गावी आले. या विद्यापीठाचे बाकीच्यांहून वेगळेपण नोंदवले पाहिजे. संप आणि समाजवादाची पाठराखण केल्याच्या आरोपावरून रिचर्ड ईली या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची १८९४ मध्ये इथे चौकशी झाली. नियामक मंडळाने त्यांना निर्दोष ठरवलेच, वर सत्यशोधनाच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामाही काढला. विद्यापीठाचे कार्यक्षेत्र राज्याच्या सीमांपर्यंत पोहोचले पाहिजे, या विचाराला ‘विस्कॉन्सिन आयडिया’ असे नावच पडले. समाजशास्त्रात तिथले मोठे नाव होते एडवर्ड रॉस. हे गृहस्थ आधी स्टॅनफर्डला होते. १९०० मध्ये तेथून त्यांना जावे लागले, आणि त्यामागच्या कारणांपैकी एक म्हणजे आशियाई मजुरांच्या आगमनाविरुद्ध केलेले त्यांचे भाषण! आशियाई माणूस नको म्हणणाऱ्या प्राध्यापकाच्या विद्यापीठात आशियाई विद्यार्थी समाजशास्त्राकडे वळू लागतो, हा योगायोग मला फार बोलका वाटतो.

मॅडिसनलाच अव्रम लँडी या सहाध्यायाच्या संगतीत जयप्रकाशांनी मार्क्स वाचला, मानवेंद्रनाथ रॉय यांचे लेखन वाचले. मॉस्कोला जाण्याचेही मनात होते. ते राहिले. शेवटचा मुक्काम ओहायो स्टेट. तिथे रसायनशास्त्र सुटले आणि समाजशास्त्र पक्के झाले. बर्कलेचे शुल्क वाढले नसते तर मार्क्स भेटलाच नसता असे म्हणणे धाडसाचे होईल. पण मॅडिसनमध्ये आणि त्या संगतीत भेटला नसता, एवढे खरे.

हा एकट्याचा अनुभव नव्हता. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे त्यांच्या आधीच अमेरिकेत पोहोचले होते. ओरेगॉनचे कृषी महाविद्यालय आणि वॉशिंग्टन स्टेट कॉलेज या दोन्ही सरकारी संस्थांत शिकून, गदर चळवळीच्या वाटेने, ते अखेर मेक्सिकोत शेतीतज्ज्ञ म्हणून स्थिरावले. उलट उदाहरण डॉ. आंबेडकरांचे. बडोदा संस्थानाची महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी हाती होती, म्हणून १९१३ मध्ये ते कोलंबियासारख्या खासगी विद्यापीठात जाऊ शकले आणि एकाच ठिकाणी राहून सलग शिकू शकले. सलग शिकता येणे हीच त्या काळातली खरी श्रीमंती होती. आज रँकिंगचे तक्ते पाहून विद्यापीठ ठरवणारा विद्यार्थीही, कर्जाची कागदपत्रे पुढे आली की निमूटपणे शुल्काच्या रकान्याकडे वळतोच.

१९२९ च्या अखेरीस जयप्रकाश मायदेशी परतले. सविनय कायदेभंगात १९३२ साली त्यांना अटक झाली आणि नाशिकच्या तुरुंगात रवानगी झाली. तिथे अच्युत पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता हे सोबती होते. मॅडिसनला वाचलेल्या मार्क्सवर आता नाशिकला वाद होऊ लागले आणि त्यांतूनच १९३४ मध्ये काँग्रेस समाजवादी पक्ष उभा राहिला.