सुताचा रंग, मेंदूतले डाग

ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लेखी अवतार. विषय थोडा जड आहे: मेंदूत साचलेलं प्रथिन मोजायचं कसं, आणि तो आकडा आजाराबद्दल खरंच काही सांगतो का?

सुरुवात कापडापासून करू. १८८४ मध्ये जर्मनीत पॉल बॉटिगरने एक लाल रंग बनवला, काँगो रेड. तोवर सुती कापडावर रंग पक्का बसायला आधी तुरटीसारखं काहीतरी लावावं लागायचं. हा रंग मात्र थेट धाग्याला चिकटायचा. आपलं शहर गिरण्यांचं, त्यामुळे याचं मोल आपल्याला वेगळं सांगायला नको.

त्याच्या ३० वर्षं आधी, १८५४ मध्ये, रुडॉल्फ व्हिर्चोने मेंदूत काही कण पाहिले होते. आयोडीन टाकल्यावर ते पिष्टासारखा रंग दाखवायचे, म्हणून नाव पडलं ‘अमायलॉइड’, म्हणजे पिष्टासारखं. पुढे रोगी अवयवांत साचणाऱ्या थरांनाही हेच नाव मिळालं. १८५९ मध्ये कळलं की ते थर पिष्टाचे नाहीत, प्रथिनाचे आहेत. नाव मात्र तेच राहिलं. १९२२ मध्ये हान्स बेनहोल्डला दिसलं की काँगो रेड या अमायलॉइडला धरून बसतो. कारण सरळ आहे: सुतासारखेच तेही लांब, सरळ तंतू असतात. १९२७ मध्ये डिव्री आणि फ्लॉर्किन यांनी रंगवलेला काप ध्रुवीकृत प्रकाशात पाहिला, तर डाग हिरवे चमकले. मोजपट्टी मिळाली!

आता पापुआ न्यू गिनी. तिथल्या फोरे लोकांत ‘कुरू’ नावाचा आजार होता. आधी तोल जायचा, मग थरथर, मग मृत्यू. बळी बहुतेक बायका आणि मुलं. मेलेल्या आप्ताचा देह खाणं हा तिथे शोकविधीचा भाग होता, आणि आजार त्यातूनच पसरत होता. १९५७ मध्ये गायडुसेक आणि झिगास यांनी तो जगासमोर आणला. १९५९ मध्ये क्लाट्झो यांनी कुरूने मेलेल्या १२ जणांचे मेंदू तपासले. ६ मेंदूंत प्रथिनाचे गोल डाग, म्हणजे प्लाक, सापडले. उरलेल्या ६ मेंदूंत नाही.

इथे जरा थांबा. आजार सगळ्यांना तोच, शेवटही तोच, आणि डाग निम्म्यांतच.

त्याच वर्षी विल्यम हॅडलोने सांगितलं की कुरू मेंढ्यांच्या स्क्रेपी आजारासारखा दिसतो. १९६६ मध्ये तो चिंपांझींना लागतो हे सिद्ध झालं. पण संसर्ग मोजणार कसा? मेंदूचा अर्क पातळ करत जायचा, ६० उंदरांना टोचायचा आणि वर्षभर वाट पाहायची. स्टॅन्ली प्रुसिनरने हॅमस्टर घेतले. किती दिवसांत आजार दिसतो, त्यावरूनच मात्रा काढली. ४ हॅमस्टर, सुमारे ७० दिवस. मोजणी वेगवान झाली म्हणून शोधही वेगवान झाला. १९८२ मध्ये त्याने ‘प्रायॉन’ हा शब्द दिला: जनुकं नसलेलं, फक्त चुकीची घडी पडलेलं संसर्गजन्य प्रथिन. पुढच्याच वर्षी शुद्ध केलेल्या प्रायॉनच्या काड्यांवर त्याच काँगो रेडने तीच हिरवी चमक दिली. १९९७ मध्ये नोबेल मिळालं.

१९९६ मध्ये ब्रिटनमध्ये १० तरुण रुग्णांच्या मेंदूत फुलासारखे प्लाक दिसले आणि ‘मॅड काऊ’चा माणसाशी संबंध समोर आला. तिथे डाग हाच पुरावा ठरला. पण नेहमीच्या क्रॉइट्झफेल्ड-याकोब आजारात बहुतेक मेंदूंत असे प्लाक नसतातच. मेंदू स्पंजसारखा सच्छिद्र होतो, माणूस बहुधा वर्षाच्या आत जातो, आणि प्लाक मोजायला जावं तर आकडा शून्य.

मग मोजायचं काय? याचं एक उत्तर आपल्या शेजारी पवईत शोधलं जातंय. आयआयटी मुंबईत समीर माजी यांचा गट पार्किन्सनशी संबंधित अल्फा-सिन्यूक्लीन या प्रथिनावर काम करतो. २०२० मध्ये त्यांनी दाखवलं की तंतू बनण्याआधी हे प्रथिन द्रवाच्या थेंबांत गोळा होतं, आणि ते थेंब हळूहळू घट्ट होत जातात. म्हणजे डाग दिसेपर्यंत बरंच काही घडून गेलेलं असतं. अशा तंतूंसाठी जगभर वापरला जाणारा थायोफ्लेविन-टी हाही मुळात कापडाचाच रंग! तंतूला चिकटला की तो चमकतो. याच चमकेवर आज जिवंत रुग्णाच्या पाठीतल्या पाण्यावरून प्रायॉनची चाचणी होते. मेंदूचा तुकडा काढावा लागत नाही.

कोड लिहिणाऱ्यांना हा सापळा ओळखीचा वाटेल: जे मोजायला सोपं तेच महत्त्वाचं वाटू लागतं. टिकेट बंद झाल्याचे आकडे वाढतात आणि ॲप तरीही क्रॅश होतं. औषधांतही असंच झालं. जून २०२१ मध्ये अमेरिकेत अल्झायमरवर अ‍ॅड्युकॅनुमॅबला मंजुरी मिळाली, ती प्लाक कमी होतात या आधारावर. स्मरणशक्ती वाचते का, यावर वाद पेटला. २०२४ मध्ये कंपनीने औषध सोडून दिलं.

म्हणून पुढच्या वेळी व्हॉट्सॲपवर ‘मेंदूतले प्लाक साफ करणारं औषध सापडलं’ असं फॉरवर्ड आलं, तर एकच प्रश्न विचारा: डाग कमी झाले ते ठीक, माणसाला घरचे ओळखू येऊ लागले का?

भेटू पुढच्या भागात.