सोळाच आणे का?

रुपयाचे आणे सोळाच का, या प्रश्नाला ‘परंपरा’ एवढं उत्तर पुरत नाही. ती का टिकली, हेही सांगावं लागतं. कारण सोळाच्या अंगीच आहे. सोळाचे निम्मे आठ, आठाचे चार, चाराचे दोन, दोनाचा एक. चारदा निम्मे करूनही अपूर्णांक येत नाही. दहाचं दुसऱ्याच खेपेला अडीच होतं. शिवाय दोनाचा चौथा घात आणि चाराचा वर्ग, दोन्ही सोळाच. अशी अदलाबदल दुसऱ्या कुठल्याही दोन वेगळ्या धन पूर्णांकांत जमत नाही. त्यामुळे सोळा निम्म्यानेही मोजता येतो आणि पावानेही.

हा गुण बाजाराने फार आधी हेरला होता. सिंधू संस्कृतीची दगडी वजनं १, २, ४, ८, १६ अशी दुपटीने चढतात, आणि त्यातलं नेहमी सापडणारं वजन सोळाच्या पायरीचं, सुमारे १३.७ ग्रॅमचं. ‘अर्थशास्त्र’ या प्राचीन ग्रंथात सोळा माषांचा कर्ष आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) सोळा पणांचा द्रम्म आणि सोळा द्रम्मांचा निष्क. हा एकच अखंड वारसा होता असं म्हणण्याची गरज नाही. दोन पारड्यांच्या तराजूवर वजनाशिवायही ढिगाचे दोन सारखे भाग करता येतात, म्हणून तराजू वापरणारा कुणीही दुपटीच्या वाटेने सोळावर पोचू शकतो.

दशमान पद्धत तर आपल्याकडचीच, मग हिशेब सोळाचा कशाला, असा आक्षेप येईल. पण खुद्द भास्कराचार्य आकडे दशमानात लिहितात आणि नाणी सोळाने मोजतात. आकडा लिहिणं आणि माल वाटणं ही दोन वेगळी कामं. बारा तिनानेही भागला जातो, मग तो सरस नाही का? वाटणीला सरस खराच. पण बाराचं तिसऱ्यांदा निम्मं दीड होतं. तिनाची सोय आण्याच्या पोटात बारा पई घालून झाली होती: रुपयाचा तिसरा हिस्सा पाच आणे चार पई.

सोळाचा खरा कस दुकानात लागे. शेराचे छटाक सोळा, रुपयाचे आणे सोळा. तेव्हा जिन्नस तीन रुपये शेर असेल, तर छटाकाचे तीन आणे, हिशेब करायलाच नको. लिहितानाही तेच. पावल्या उभ्या रेघांनी, आणे आडव्या रेघांनी. एक उभी, दोन आडव्या म्हणजे सहा आणे. चौथी आडवी रेघ कधी येत नाही, तिच्या जागी एक उभी येते. पावकी, निमकी, पाऊणकी पाठ असलेल्या माणसाला याहून जास्त कागद लागत नसे.

१ एप्रिल १९५७ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि आणा सव्वासहा पैशांचा झाला. सरकारी कोष्टकात एका आण्याचे सहा पैसे, तीन आण्यांचे एकोणीस. आणा-आणा करून तीनदा घेतलं तर अठराच. तरीही बदल चुकीचा नव्हता. बँक, रेल्वे, कर यांचे हिशेब कागदावर होतात, तिथे आकडे आणि नाणी एकाच पायावर असणं सोयीचं. हार सोळाची झाली नाही. हिशेबाची जागा तराजूवरून वहीत गेली. आजही किलोचा अर्धा, पाव, सव्वाशे ग्रॅम असा माल सुटा मागितला जातो, कारण हजाराला आठाने भाग जातो. चौथ्या पायरीवर साडेबासष्ट येतात, आणि तिथे सोळाची उणीव भासते.