जीपचा सांधा आणि माझ्या प्रबंधातलं एक चुकीचं वाक्य

संशोधनाची तयारी करताना तुम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जाईल: साधनं कुठली वापरणार? साधनं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दफ्तरखाना, गॅझेटियर, जुनी वर्तमानपत्रं येतात. आज ज्या साधनाबद्दल सांगतोय ते मात्र मुठीत मावणारं, ग्रीसने माखलेलं लोखंड आहे: गाडीच्या स्टीअरिंगचा झिजलेला सांधा.

माझा विषय मराठवाड्यातल्या गाडीदुरुस्तीचा इतिहास. पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं, 'खेड्यातला मेकॅनिक काहीच फेकत नाही, सगळं दुरुस्त करतो.' वाक्य ऐकायला छान आहे. गाइडनी समासात एकच शब्द लिहिला: 'कशावरून?'

उत्तर मिळालं पोखर्णीत. परभणी-गंगाखेड रस्त्यावरचं, नृसिंहाच्या देवळाचं हे गाव माझं आजोळ. मामांच्या अंगणात दोन गाड्या आहेत, एक जुन्या विलीज घडणीची जीप आणि एक मारुती ८००. दोन्हींच्या स्टीअरिंगला प्ले आला होता. मामा म्हणाले, "पुस्तक ठेव बाजूला अन् जॅक लाव."

आधी मारुती. चाक उचलून डावी-उजवीकडून धरून हलवलं, तर टाय रॉडच्या टोकाशी खट्‌खट् जाणवली. मामांनी पिन काढली, नट सैल केला आणि सांधा ज्या भोकात बसतो त्याच्या बाजूवर हातोडा मारला. आट्यांवर नाही, बाजूवर! सांधा सुटला. तो फिरवून काढताना त्यांनी फेरे मोजले आणि नवा तितक्याच फेऱ्यांनी बसवला, म्हणजे परभणीला अलाइनमेंट करून घेईपर्यंत चाकं साधारण सरळ राहतात. जुन्याचं रबर फाटलं होतं आणि आत माती गेली होती. मी विचारलं, "मामा, हा खोलून नीट नाही का करता येणार?"

"खोलायला जागा कुठंय याला? वेल्डिंग मारून बसवला तर कधी निखळेल सांगता येत नाही. स्टीअरिंगशी खेळ नसतो, बाळा." आणि सांधा भंगाराच्या डब्यात गेला.

मग जीप. तिच्या ड्रॅग लिंकच्या टोकाला आट्यांचं बूच असतं. ते उघडलं की आत स्प्रिंग आणि गोळ्याला दोन्हीकडून धरणाऱ्या वाट्या. मामांनी सगळं रॉकेलने धुतलं, झिजलेली वाटी बदलली, बूच पूर्ण आवळून थोडं मागे सोडलं, नवी पिन घातली, ग्रीस भरलं. झालं काम.

बघा, माणूस तोच, सकाळ तीच. एक सांधा दुरुस्त झाला, दुसरा फेकला गेला. माझं वाक्य तिथेच कोसळलं.

हा फरक आला कुठून? महिंद्राने विलीज जीपची जुळणी मुंबईत १९४७ मध्ये सुरू केली. ती घडण दुसऱ्या महायुद्धातली, खोलता यावी आणि आवळता यावी अशी. पुढे १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर, देशात टप्प्याटप्प्याने उत्पादन करणाऱ्यांनाच वाव राहिला. जनरल मोटर्स आणि फोर्डने इथली जुळणी बंद केली. मग अँबॅसेडर, फियाट, जीप अशी मोजकीच मॉडेल्स दशकानुदशकं चालली. त्यांच्या सांध्यांना ग्रीस निपल असायचं आणि वेळोवेळी ग्रीस द्यावंच लागायचं. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली ती बंदिस्त सांधे घेऊन. ग्रीसची कटकट संपली, पण सांधा झिजला की बदलणं हाच उपाय उरला.

म्हणजे काय, तर ज्याला मी मेकॅनिकचा 'स्वभाव' म्हणत होतो, तो बराचसा सुट्या भागाच्या घडणीनेच ठरवला होता. आणि काय दुरुस्त करायचं नाही हे कळणं, हेही कौशल्यच. 'जुगाड'चं कौतुक करण्याच्या नादात मी नेमकं तेच गाळलं होतं.

डेव्हिड एजर्टन यांचं 'द शॉक ऑफ द ओल्ड' आणि भारतातल्या सायकली, शिलाई यंत्रांवरचं डेव्हिड अर्नोल्ड यांचं 'एव्हरीडे टेक्नॉलॉजी' (२०१३) जरूर वाचा. शोधापेक्षा वापराचा इतिहास कसा बघायचा ते त्यातून कळतं. पण एका अंगणातली एक सकाळ म्हणजे मराठवाडा नव्हे, हेही ध्यानात ठेवा. मला आता सुट्या भागांच्या दुकानांतली बिलं, जुनी मॅन्युअल्स आणि आणखी मेकॅनिकांच्या मुलाखती लागणार आहेत.

तुमच्या मसुद्यातही असं एखादं छान वाटणारं वाक्य असेल. ते शोधा आणि समासात स्वतःच लिहा: 'कशावरून?' माझं सुधारलेलं वाक्य आता असं आहे: 'काय दुरुस्त करायचं आणि काय फेकायचं, हे मेकॅनिक वस्तू खोलून बघून ठरवतो.' पहिल्याइतकं गोड नाही, पण त्याला पुरावा आहे.