मीडियम फॉर्मॅट कॅमेऱ्यांतील फ्लॅशबल्ब-समक्रमण

जुन्या मीडियम फॉर्मॅट कॅमेऱ्यांच्या भिंगात बसवलेले शटर उघडण्याची वेळ आणि फ्लॅशबल्ब पूर्ण तेजाने जळण्याची वेळ जुळवून आणणाऱ्या योजनेस फ्लॅशबल्ब-समक्रमण म्हणतात. १२० क्रमांकाच्या फिल्मवर चालणाऱ्या रोलायफ्लेक्स, हॅसलब्लाड ५००सी, मामिया सी३३० इत्यादी कॅमेऱ्यांच्या भिंगांवर आढळणारी ‘एम’ आणि ‘एक्स’ ही अक्षरे याच योजनेची खूण होत. त्यांचा अर्थ ठाऊक नसल्यास फिल्मचा अख्खा रोळ कोरा निघू शकतो.

पार्श्वभूमी

फ्लॅशबल्बपूर्वी मॅग्नेशियमयुक्त भुकटी उघड्यावर पेटवून उजेड केला जाई. त्यात धूर फार होई व भाजण्याचे प्रसंगही घडत. १९२९ च्या सुमारास जर्मनीत प्राणवायू आणि धातूचा अतिपातळ पत्रा काचेच्या फुग्यात बंद केलेला दिवा विक्रीस आला. पुढील वर्षी अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकने असाच बल्ब बाजारात आणला. बल्ब एकदाच पेटतो, त्यामुळे प्रत्येक छायाचित्रास नवा लागतो.

एम आणि एक्स

इलेक्ट्रॉनिक फ्लॅश विद्युतसंपर्क होताच क्षणार्धात चमकतो. फ्लॅशबल्बमध्ये मात्र खरोखरीचे ज्वलन असते व त्यास वेळ लागतो. ‘एम’ वर्गातील बल्ब पेटवल्यापासून सुमारे २० मिलिसेकंदांनी परमोच्च तेजास पोहोचतो. म्हणून खटका ‘एम’वर असताना शटरमधील दंतचक्रे आधी संपर्क जोडतात आणि जवळजवळ तेवढाच विलंब लावून मग पाती उघडतात. ‘एक्स’वर मात्र पाती पूर्ण उघडल्यावरच संपर्क होतो.

इलेक्ट्रॉनिक फ्लॅश ‘एम’वर वापरल्यास पाती उघडण्यापूर्वीच उजेड संपून जातो. फ्लॅश चमकलेला डोळ्यांना दिसतो, पण फिल्मवर त्याचा मागमूस नसतो. हा घोटाळा टाळण्याची परीक्षा सोपी आहे. फिल्म न भरता कॅमेऱ्याची पाठ उघडावी (हॅसलब्लाडचे मॅगझिन काढावे), भिंग पांढऱ्या भिंतीकडे वळवावे आणि मागून पाहत इलेक्ट्रॉनिक फ्लॅश उडवावा. लखलखीत वर्तुळ दिसले तर खटका योग्य जागी आहे. उलटपक्षी ‘एम’ बल्ब ‘एक्स’वर वापरता येतो, मात्र शटरचा वेग १/३० सेकंद किंवा त्याहून मंद ठेवावा लागतो.

काही शटरांवर ‘व्ही’ हे तिसरे अक्षर असते. ते स्वयंचलित विलंबाचे, म्हणजे छायाचित्रकाराला स्वतः चित्रात येऊन उभे राहता यावे यासाठीचे आहे. जुन्या सिंक्रो-कॉम्पुर शटरांत ही यंत्रणा अडकून बसण्याची शक्यता असल्याने तिला हात न लावणेच बरे.

वेग आणि मार्गदर्शक अंक

भिंगातील पाती-शटरामुळे १/५०० सेकंदापर्यंतच्या वेगातही फ्लॅशबल्ब वापरता येतो. तथापि वेग वाढवला की बल्बच्या ज्वलनाचा थोडाच भाग फिल्मपर्यंत पोहोचतो, म्हणून मार्गदर्शक अंक घटतो. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशला हा नियम सहसा लागू नसल्याने नवशिके येथेच चुकतात. बल्बच्या वेष्टनावर प्रत्येक वेगासाठी निराळा अंक छापलेला असे. त्या अंकास मीटरमधील अंतराने भागले की छिद्रमान मिळते. उदाहरणार्थ, अंक ४० आणि अंतर ५ मीटर असल्यास छिद्रमान एफ ८.

पारदर्शक बल्बचा प्रकाश पिवळसर असल्याने तो कृष्णधवल फिल्मला चालतो. दिनप्रकाशासाठीच्या रंगीत फिल्मकरिता निळा लेप दिलेले बल्ब घ्यावे लागतात.

दक्षता

बल्ब जळताना काच तडकते. बाहेरील लाखेचा थर तुकडे धरून ठेवतो, तरी चेहऱ्याजवळ बल्ब पेटवू नये व जळालेला बल्ब लगेच हातात घेऊ नये. अनेक बल्बांच्या आत निळा ठिपका असतो. तो गुलाबी झाला असल्यास आत हवा शिरली आहे असे समजावे. असा बल्ब पेटवल्यास स्फोट होऊ शकतो. जुन्या साठ्यातून घेतलेले बल्ब तपासताना प्रथम हा ठिपकाच पाहावा. फ्लॅशगनमध्ये बल्ब बसवताना शेजारी ज्वलनशील वाफा नाहीत याची खात्री करून घ्यावी, कारण संपर्क सदोष असल्यास तो बसवताक्षणीच पेटतो.

ऱ्हास

इलेक्ट्रॉनिक फ्लॅश स्वस्त झाल्यावर ‘एम’ची गरज उरली नाही. हॅसलब्लाडच्या १९८२ पासूनच्या सीएफ भिंगांत हा खटका वगळण्यात आला. मोठ्या बल्बचा एकाच वेळचा प्रचंड उजेड लहान इलेक्ट्रॉनिक फ्लॅशला आजही साधत नाही. अमेरिकी छायाचित्रकार ओ. विन्स्टन लिंक यांनी १९५६ साली रात्रीच्या धावत्या वाफेच्या गाडीचे एक छायाचित्र टिपताना ४३ बल्ब एकदम पेटवले होते, अर्थात त्यांचा कॅमेरा मीडियम फॉर्मॅटहून मोठा होता.