खाँसाहेबांचे खरे स्मारक

शाळेच्या मदतीसाठी गाण्याचा कार्यक्रम ठेवण्याची प्रथा अंधेरी-घाटकोपरच्या आपल्या वाचकांस नवी नाही. हे कार्य एका थोर गवयाने आयुष्यभराचे व्रत म्हणून कसे चालविले, त्याचे येथे स्मरण करावेसे वाटते.

कैराना येथे १८७२ साली जन्मलेले उस्ताद अब्दुल करीम खाँ महाराष्ट्रात आले व येथलेच झाले. १९१३ साली त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. गरीब मुलांच्या जेवणाखाण्याची व शिक्षणाची सोय तेथे होती. खर्च भागे तो मुख्यतः खाँसाहेबांच्या जलशांच्या उत्पन्नातून. विद्या देताना त्यांनी जात पाहिली नाही की धर्म पाहिला नाही. कुंदगोळचे रामभाऊ त्यांच्याच तालमीत तयार होऊन ‘सवाई गंधर्व’ झाले.

२७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासहून पाँडिचेरीस जाताना वाटेत त्यांचे देहावसान झाले. मिरजेस ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांना दफन करण्यात आले. तेथे उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा भरते. नामवंत कलावंत सेवा म्हणून गातात. रसिक चिंचेच्या झाडाखाली बसून ऐकतात. पुढे सवाई गंधर्वांच्या स्मृत्यर्थ पुण्यात १९५३ पासून महोत्सव सुरू झाला. गुरूची परंपरा शिष्याने अशी पुढे नेली.

जलशाचा पैसा खर्चून जातो, शिकलेला विद्यार्थी मागे राहतो. फी भरू न शकणाऱ्या एका मुलास शाळेत टिकविणे, हेच अशा माणसाचे खरे स्मारक होय.