भिंतीवरचा डाग बुरशीचा आहे की नुसत्या ओलीचा? असा ओळखा

कपाट उघडल्यावर येणारा कुबट वास, चामड्याच्या पट्ट्यावर आलेली पांढुरकी लव, छताच्या कोपऱ्यातले काळे ठिपके. पावसाळ्यात एवढं चालायचंच, असं म्हणून बहुतेक घरांत याकडे दुर्लक्ष होतं. मुंबई आणि कोकण किनारपट्टीवर जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता अनेकदा ८० टक्क्यांच्या वर असते. घरातली आर्द्रता दीर्घकाळ ६० टक्क्यांच्या वर राहिली, तर बुरशीला आयतं रान मिळतं. तिचे बीजाणू हवेत कायमच असतात. प्लायवूड, पुस्तकं, कपड्यांवरचा मळ हे तिचं खाणं; कमी असतो तो फक्त ओलावा. भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत पूर्ण सुकवली, तर सहसा बुरशी धरत नाही.

पांढरं दिसतं ते सगळं बुरशी नसतं

सर्वात जास्त गोंधळ इथेच होतो. भिंतीत मुरलेलं पाणी बाहेर येताना विटा-सिमेंटमधले क्षार सोबत आणतं. पाणी उडून जातं आणि मिठासारखा थर मागे राहतो. हा थर बोटांत चुरडला की कोरडा भुगा होतो आणि त्यावर पाणी टाकलं की बहुधा विरघळतो. बुरशी मात्र कापसासारखी किंवा मखमली दिसते, पाण्यात विरघळत नाही आणि पुसली तर फरफटत पसरते. आणखी एक सोपी खूण म्हणजे क्षार विटा, प्लास्टर, काँक्रीट यांवरच येतात. लाकूड, कापड किंवा चामड्यावर पांढरी लव आली असेल, तर ती बुरशीच समजावी. अर्थात क्षार निघाले म्हणून निर्धास्त राहता येत नाही, कारण पाणी मुरतंय हे त्यातून कळतंच.

काळ्या डागाबाबत शंका असेल तर त्यावर पाणी मिसळलेल्या ब्लीचचा एक थेंब टाकावा. एक-दोन मिनिटांत डाग फिकट पडला, तर बहुधा बुरशी. तसाच राहिला, तर धूळ किंवा काजळी. पण ब्लीच कधीही टॉयलेट साफ करायच्या अ‍ॅसिडमध्ये मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

डाग कुठे आहे, तेही पाहा

छताला डाग असेल तर वरच्या घरातलं बाथरूम किंवा गच्ची तपासावी लागते. जमिनीलगत सुरू होऊन वर चढणारी ओल बहुतेकदा जमिनीतूनच येते. खिडकीखाली पोपडे आले असतील तर चौकटीच्या फटीतून पाऊस झिरपतोय. बाहेरच्या भिंतीला चिकटवलेल्या कपाटामागे मात्र गळती नसतानाही बुरशी धरते, कारण तिथे हवाच खेळत नाही. डाग दिसत नाही, पण वास जात नाही, अशा वेळी कपाट ओढून मागे पाहावं, गादी उलटवावी, सिंकखालचं प्लाय दाबून बघावं. एसी सुरू करताच तोच वास येत असेल, तर आतली साफसफाई बाकी आहे.

‘काळी बुरशी’ नावाची भीती

२०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिस या आजाराला बातम्यांत ‘काळी बुरशी’ म्हटलं गेलं. भिंतीवरचा काळा डाग म्हणजे तो आजार नव्हे. आजाराचं ते नाव त्यात काळ्या पडणाऱ्या पेशींवरून पडलं. बुरशीच्या रंगावरून ती किती घातक हेही ठरत नाही. मात्र दमा किंवा अ‍ॅलर्जी असलेल्यांना कोणत्याही रंगाच्या बुरशीचा त्रास होऊ शकतो. घरी असताना खोकला, शिंका वाढतात आणि दोन दिवस बाहेरगावी गेलं की उतरतात, असं होत असेल तर डॉक्टरांना घरातल्या ओलीबद्दल आवर्जून सांगावं.

साधारण तीन फूट बाय तीन फुटांपर्यंतचा डाग मास्क आणि हातमोजे घालून, साबणाच्या पाण्याने घरच्या घरी काढता येतो. त्यावर थेट रंग मारणं म्हणजे पैसे वाया घालवणं, काही दिवसांत तो रंगही सुटून येतो. त्याहून मोठा डाग असेल, तर रंगाऱ्याआधी गळती शोधणाऱ्याला बोलवावं.