मंडईची रात्र आणि 'राजी'चा दुसरा भाग

पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत एखाद्या नाटकावर गावाचं एकमत झालेलं मी तरी पाहिलं नाही. मंडपातून उठून बैलगाडीपर्यंत जाईतो दोन तट पडलेले असायचे. एक म्हणे खलनायकानं खेळ तारला, दुसरा म्हणे त्यानंच बुडवला. भांडण पुढं पानठेल्यावर, धानाच्या खळ्यावर चालायचं आणि पुढल्या वर्षी तीच माणसं त्याच मंडळाचं तिकीट काढून पुढच्या रांगेत बसायची.

आमच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात धान हाती आलं, भाऊबीज झाली की मंडईचे, म्हणजे गावजत्रेचे, दिवस लागतात. आज या गावची, उद्या त्या गावची. दिवसा गोवाऱ्यांचा नाच आणि ढालीची पूजा, मिठाईची दुकानं, माहेरी आलेल्या लेकी. रात्री दंडार, म्हणजे सोंगांचा खेळ. गोंदिया जिल्हा 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा निघाला, पण मंडईनं ती हद्द कधी मानली नाही. पाहुणे अजून दोन्हीकडून येतात.

माझा आजा दंडारीत बाईचं सोंग घ्यायचा. संध्याकाळी जेवण उरकलं की वाटीत मुरदाडशिंग कालवायचा, बोटानं कपाळापासून मानेपर्यंत सारखं लावायचा, कानामागं लावलं की नाही ते आजीला विचारायचा. मग काजळ, कुंकू आणि आजीचंच लुगडं. आजीला हा प्रकार मुळीच पसंत नव्हता. लुगडं मात्र घडी करून तीच काढून द्यायची. दंडारीला पडदा नाही, तिकीट नाही. चावडीपुढची जागा, ढोलकी, टाळ आणि गॅसबत्ती. प्रसंग पुराणातला निघायचा आणि दोन घटकांत त्यात गावचा सावकार शिरायचा. छापील पुस्तक कुणाकडे असलं तर असलं. बोलणं बरंचसं तिथल्या तिथंच सुचायचं.

नाटक आलं तेव्हा या जुन्या मंडळींनी नाकं मुरडली. पडदे, ऑर्गन, तबला, पाठ केलेले संवाद आणि मंचासमोरच्या खड्ड्यात बसलेला प्रॉम्प्टर. आजा म्हणायचा, "ज्याले खड्ड्यातला माणूस बोलवते, तो काहून नट?" पण लोक गेले. गोंदियाहून बल्लारशाकडे जाणाऱ्या रेल्वेवरचं वडसा, म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातलं देसाईगंज, हे या धंद्याचं मुख्य ठाणं झालं. हंगामाआधी गावोगावची मंडळं तिथं जाऊन कंपनी ठरवतात, तारीख बांधतात, इसार देतात. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्री नाटक, अशी ही जोडी. पटाला आलेला माणूस रात्री मुक्कामाला असायचाच. तो मंडपात यायचा आणि मंडळाचा खर्च निघायचा. म्हणून 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींवर बंदी आणली, तेव्हा बैलांच्या मालकांइतकीच नाटकाच्या मंडळांनाही झळ बसली. डिसेंबर 2021 मध्ये अटींवर परवानगी मिळाली, 18 मे 2023 रोजी शर्यतींना मुभा देणारा कायदा कायम राहिला. त्याच 2023 साली झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. त्यावरही पानठेल्यावर वाद झालाच: एवढा उशीर का, आणि दंडारीला काय?

तंटे बदलत गेले. पुरुषांनी लुगडी सोडली आणि बायका मंचावर आल्या, तेव्हा झाला. मुंबई-पुण्याहून मालिकांतले चेहरे आणू लागले, तेव्हा झाला. मधे रेकॉर्ड डान्स घुसला, तेव्हा तर नाटक संपलं असंच अर्ध्या झाडीनं जाहीर केलं. माझं स्वतःचं मत त्या अर्ध्यांत आहे. पण नाटक पहाटेपर्यंत चालू आहे, हेही खरं.

आता सोंगाचा आणखी एक प्रकार घरात शिरला आहे. माझा भाचा पुण्यात शिकतो. एका दिवाळीत त्यानं लॅपटॉपवर 'राजी' हा व्हिडिओ गेम लावून दिला. 2020 साली आलेला हा खेळ पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींचा. 2017 मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न फसला तरी त्यांनी तो पुरा केला. 2020 च्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या खेळांत त्याला नामांकनही होतं. राखीपौर्णिमेला असुर हल्ला करतात, पोरं पळवतात. खेळ करून पोट भरणारी राजी आपल्या गोलू या भावाला शोधायला निघते. दुर्गा आणि विष्णू वरून बोलत असतात, मधली कथा सावल्यांच्या बाहुल्यांतून पुढं सरकते. कसरत करणारी पोर, बहीण-भाऊ, देव-असुर. आमच्या मंडपात उभं करायला एक पडदाही बदलावा लागला नसता.

आणि या खेळानंही तट पाडले. पहाडी चित्रांसारखी रंगसंगती, वाडे, मंदिरं पाहून लोक हरखले. उलट बाजूचे म्हणाले, मारामारी तीच ती, उडी नेमकी जिथं हवी तिथंच चुकते आणि शेवट अचानक येतो. त्या शेवटावर मीही भाच्याशी भांडलो. बहिणीनं भावासाठी एवढी पायपीट करायची आणि पुढं काय ते सांगायचंच नाही? झाडीपट्टीत असा पडदा पाडला असता तर मंडळाला गावाबाहेर पडणं मुश्कील झालं असतं. भाच्याचं म्हणणं, हातात पैसा नसलेल्या पहिल्या खेळात आणखी काय मागायचं? मला ते पटलं नाही. पैसा दंडारीतही नव्हता, पण उजाडायच्या आत गोष्ट पुरी व्हायची.

2025 साली 'राजी: कलियुग' हा दुसरा भाग जाहीर झाला. तेव्हापासून घरात हाच विषय. भाच्याला नवी मारामारी हवी, मोठ्या पडद्यावर शोभेल असा थाट हवा. मला गोलूचं काय झालं ते हवं आणि एक खलनायक हवा, जो चार वाक्यं बोलून लोकांच्या शिव्या खाईल; नुसता अंगानं मोठा असुर चालायचा नाही. बहिणीला, म्हणजे भाच्याच्या आईला, यातलं काहीच नको आहे. तिचं म्हणणं एवढंच, की खेळ यायचाच असेल तर धान कापणीच्या ऐन हंगामात येऊ नये, कारण मग हे दोघं बांधावर दिसायचे नाहीत.